भूतानचा सिलिंडर आणि आपली दादागिरी

चकवा: भूतानच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगला चहाचे पैसे दिले, तर सुट्ट्यात दोन नोटा राजाच्या आणि एक गांधीजींची आली. भूतानचं चलन न्गुल्ट्रम आणि आपला रुपया १९७४ पासून एकाच भावात, दोन्ही एकाच गल्ल्यात. बायको म्हणाली, किती गोड! मला मात्र २०१३ आठवलं. भूतानची दुसरीच सार्वत्रिक निवडणूक, १३ जुलैला मतदान, आणि १ जुलैपासून आपण स्वयंपाकाच्या गॅसचं आणि रॉकेलचं अनुदान बंद केलं. थिंपूत सिलिंडर दुपटीवर गेला. २००८ला ४७ पैकी ४५ जागा जिंकलेला सत्ताधारी पक्ष १५वर आला, विरोधी पक्षाचे त्शेरिंग तोबगे पंतप्रधान झाले. आधीचे पंतप्रधान थिन्ले २०१२मध्ये रिओला चिनी पंतप्रधानांना भेटले होते, ते आपल्याला झोंबलं. शेजाऱ्याची चूल विझवून मतं फिरवायची, याला मैत्री म्हणायचं का?

हिशेबनीस: चकवाभाऊ, अनुदानाची मुदत भूतानच्या पंचवार्षिक योजनेबरोबर ३० जूनला संपली, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. आणि थिन्ले सिलिंडरमुळेच पडले असं धरलंत, म्हणजे भूतानी मतदाराला तुम्ही अगदीच दूधखुळा ठरवलंत. २०१२चा भूतानमधला भारतीय रुपयांचा दुष्काळ विसरलात? बहुतेक आयात भारतातून, रुपये संपले, बँकांनी गाड्यांची आणि घरांची कर्जं थांबवली. घरात ती नाराजी धुमसत होतीच.

डोंगरवाट: मूळ दुखणं विजेचं आहे, त्यावर कोणी बोलेना. भूतानच्या चुखा जलविद्युत प्रकल्पाला आपण ६० टक्के अनुदान दिलं, ४० टक्के कर्ज. मांगदेछू प्रकल्पापर्यंत प्रमाण उलटं झालं: ३० अनुदान, ७० कर्ज. पुनात्सांगछू-१ तर २०१३मध्ये डोंगर सरकल्यापासून रखडलाय, कर्जाचं मीटर चालूच. त्यात हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतान आपल्याकडूनच वीज विकत घेतो. त्या विजेचं एकच गिऱ्हाईक आपण, आपणच सावकार, वर इंजिनिअरही आपलेच.

हिशेबनीस: मग ती वीज विकायची कुणाला, ते सांगा. उत्तरेला हिमालय आहे, आणि चीनशी भूतानचे राजनैतिक संबंधच नाहीत.

माई: तुम्ही दोघे भूतानला बिचारा समजून भांडताय. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांच्यातला वाहतूक करार आठवतो? आपले ट्रक सरळ आत जाणार होते. २०१६ला भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला, बाकी तिघे पुढे गेले. आता आपल्या पर्यटकांकडूनही माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क घेतात. मी कुरकुरत भरले.

चकवा: माई, वाहतूक कराराचं माहीत नव्हतं, मान्य. २०१३बद्दल मात्र शब्द मागे घेत नाही. हिशेबनीस, मुदत संपली म्हणता ना? मग तोबगे निवडून येताच १ ऑगस्टपासून तेच अनुदान पुन्हा कसं सुरू झालं?