लिस्बन, जुलै आणि पाठीवर सॅक: राहायचं कुठे?

सॅकवाला:
जुलैत चारेक दिवस लिस्बनला जातोय. एकटाच, पाठीवर चाळीस लिटरची सॅक, बजेट हॉस्टेलपुरतं. व्हिसा, तिकीट झालंय. पण समुद्राला लागून हॉस्टेल काही सापडेना. नकाशात प्रासा दु कोमेर्सियो या मोठ्या चौकाला लागूनच पाणी दिसतंय, तिथे पोहता येतं का? आल्फामा या जुन्या वस्तीत एक स्वस्त खोली मिळतेय, घेऊ का? मला अंडं चालतं, मासे-मटण नाही. आणि अठ्ठावीस नंबरच्या ट्रामचे फोटो बघून वेडा झालोय, तिच्याबद्दलही सांगा.

उन्हातली_भटकी:
अरे, ते पाणी म्हणजे तेजू नदी! मुखाशी इतकी रुंद झालीये की कुणालाही समुद्रच वाटेल. तिथे पोहायचं नाही, संध्याकाळी काठाच्या पायऱ्यांवर नुसतं बसायचं. समुद्र हवा तर काइश दु सोद्रे स्टेशनातून काश्काइशची लोकल पकड. शेवटचं स्टेशन पाऊण तासाच्या आत येतं. जाताना डावीकडे खिडकी मिळव, रूळ बराच वेळ पाण्याच्या कडेने जातात. मी मधेच कार्काव्हेलूशला उतरते, तिथे वाळू ऐसपैस आहे. पाणी मात्र अटलांटिकचं. वर ऊन भाजून काढत असतं आणि खाली घोटे बधिर होतात. दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटला की वाळू तोंडावर येते, म्हणून सकाळीच जा.

आता खोलीचं. आल्फामा बघायला जा, राहायला नको. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात नदीकाठचं सपाट गाव, म्हणजे बाइशा, पार कोसळलं आणि मग नव्याने आखून बांधलं. त्यामुळे तिथले रस्ते सरळ. आल्फामा त्या मानाने तगलं, म्हणून तिथे अजून जुनीच बोळं आणि पायऱ्यांवर पायऱ्या. त्यात फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या चौकोनी दगडांचे, वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेले. उतारावर सॅकचं वजन पुढे ढकलतं आणि बूट सरकतो. दोन पावसाचे थेंब पडले तर विचारूच नकोस. तळव्याला पकड असलेले बूट ने. बाइशात किंवा काइश दु सोद्रेजवळ राहा, आणि बुकिंगआधी इमारतीला लिफ्ट आहे का ते वाच. जुन्या इमारतींत बहुतेक वेळा नसते.

विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन घे आणि आलामेडाला हिरवी पकड. नावेगांते कार्डात पैसे भरून ठेवलेस की मेट्रो, ट्राम, काश्काइशची लोकल, नदीपारची फेरी, सगळीकडे तेच चालतं.

तव्यावरची:
खाण्याचं मी सांगते. काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पालेभाजीचं आणि बटाट्याचं सूप सगळीकडे मिळतं, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. आधीच ‘सें शोरीसु’, म्हणजे सॉसेजशिवाय, असं म्हणायचं. पास्तेल द नाता नावाचं कस्टर्ड भरलेलं गोड टार्ट अंड्याचंच, तेव्हा तुझी चंगळ आहे. हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठव.

घड्याळनको:
अठ्ठावीसच्या बाबतीत जरा वेगळं मत. मार्तीं मोनीश या एका टोकाच्या थांब्यावरच्या रांगेत उन्हात उभं राहण्यापेक्षा दुसऱ्या टोकाहून, कांपु द ओरीककडून, सकाळी लवकर चढ. सॅक हॉस्टेलवरच ठेव. त्या ट्राममध्ये खिसेकापू असतात आणि गर्दीत वळायलाही जागा नसते. बाइशात कुणी कानाशी येऊन ‘हशीश’ पुटपुटलं तर चालत राहा. बहुतेक वेळा ते तमालपत्र दाबून केलेलं असतं, असं तिथलेच लोक हसत सांगतात.

सॅकवाला:
आल्फामाची खोली रद्द केली. वास्को द गामाची कबर सोमवारी बघायचं ठरवलंय, बाकी दुपारी काय करू?

उन्हातली_भटकी:
सोमवारी जेरोनिमुश मठ बंद असतो, ती कबर तिथल्याच चर्चमध्ये आहे. मंगळवारी दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहा. सोमवारी फेरीने पलीकडे कासील्याशला जा, दहा मिनिटांत पोचतोस आणि तिथून अख्खं लिस्बन समोर दिसतं. दुपारी सरळ झोप काढ. जुलैत सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सहाला निघालास तरी ग्रासा वस्तीच्या वर, सेन्योरा दु मोन्त नावाची शहर बघायची उंच जागा आहे, तिथे उजेडात पोचशील. पाण्याची बाटली नळावर भर, ते पाणी पिण्याचंच आहे.