मदत हवी आहे : हजेरीपत्रकावर नाव नसलेल्या गरोदर शिलाई कामगाराला प्रसूतीची पगारी रजा मागता येते का?

नमस्कार.

मी कोल्हापूरजवळ उचगावला राहते आणि माझ्या धाकट्या जावेसाठी हा प्रश्न विचारत आहे. तिच्या संमतीनेच लिहीत आहे. मात्र तिचे आणि ती काम करते त्या ठिकाणाचे नाव देत नाही, कारण शक्य तोवर हे प्रकरण सामोपचाराने मिटावे अशी तिची इच्छा आहे.

जाऊ चोवीस वर्षांची आहे, पहिलटकरीण आहे आणि तिला पाचवा महिना सुरू आहे. गेली दोन वर्षे ती गांधीनगरच्या बाजूला एका तयार कपड्यांच्या शिलाई युनिटमध्ये ओव्हरलॉक मशीनवर काम करते. काम नगावर आहे. सकाळी साडेनऊला बसायचे, संध्याकाळी सातला उठायचे, आणि शनिवारी हिशेब घ्यायचा. आठवड्याचे सहा दिवस भरले तर साधारण २,१०० रुपये हातात येतात; लगीनसराईत थोडे अधिक, आषाढात थोडे कमी. नेमणूकपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. तिथे चौदा ते सोळा बायका रोज कामाला असतात, पण हजेरीपत्रकावर सातच नावे आहेत आणि त्यांत हिचे नाव नाही.

मागच्या शनिवारी हिशेब देताना सुपरवायझरने तिला सांगितले की, आता पोट दिसायला लागले आहे, काही कमी-जास्त झाले तर जबाबदारी आमच्यावर येईल, तेव्हा पुढच्या महिन्यापासून घरीच थांब. बाळ वर्षाचे झाले की ये, मशीन रिकामे असेल तर बघू. हे बोलणे दरडावून नव्हते, काळजीच्या सुरात होते, आणि म्हणूनच तिला तिथे उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र ती बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. माझे दीर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांच्या पगारातून घरखर्च भागतो, पण सोनोग्राफी, औषधे, दूध-फळे हे सगळे आजवर तिच्या शनिवारच्या पैशांतून होत आले आहे.

त्यात आणखी एक गाठ आहे. दिवाळीत तिने ८,००० रुपयांची उचल घेतली होती, त्यातले ५,००० फिटायचे आहेत. ते फिटेपर्यंत शेवटच्या दोन आठवड्यांचा हिशेब देणार नाही, आणि 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' असे लिहिलेल्या कागदावर सही करावी लागेल, असेही तिला सांगण्यात आले आहे. तिने अजून सही केलेली नाही.

मी स्वतः एका पतसंस्थेत लेखनिक आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वेळी मला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि त्या महिन्यांत घरातले सगळे काम जावेनेच ओढले. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच बाळंतिणीच्या खोलीत झोपायच्या आम्ही दोघी; माझ्या वेळी पगार दरमहा खात्यावर जमा होत राहिला आणि तिला मात्र पाचव्या महिन्यातच घरी बस म्हणून सांगितले जाते, हे माझ्या मनाला फार लागले आहे. मला जे मिळाले तो मालकाचा उपकार नव्हता, कायद्याने दिलेला हक्क होता. मग तो हक्क तिच्यापर्यंत का पोहोचत नाही, आणि पोहोचवायचा असेल तर आम्ही नेमके काय करावे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

माझ्या वाचनाप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला वा आस्थापनेला प्रसूती लाभाच्या तरतुदी लागू होतात. पण ही दहा माणसे हजेरीपत्रकावरची मोजायची की प्रत्यक्ष मशीनवर बसणारी? नगावर काम करणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरते का? तिने काम केले हे सिद्ध कशाने करायचे? आणि हे काहीच जमले नाही, तर सरकारी योजनांतून तिला किती आणि केव्हा मदत मिळू शकते? पहिले बाळंतपण माहेरी, चंदगडला करायचे ठरले आहे. त्यामुळे योजनेच्या नोंदणीत अडचण येईल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, मी कामगारविषयक प्रकरणे चालवणारा वकील आहे. आपण सहीचा कागद अडवून ठेवलात हे फार बरे केलेत. त्या कागदावर काहीही झाले तरी सही करू नये.

आता मुख्य मुद्दा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. परंतु पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यांपैकी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी जास्तीत जास्त ८ आठवडे, आणि त्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम, या मूळ अटी संहितेतही तशाच आल्या आहेत. दहाची संख्या मागील बारा महिन्यांतील कोणत्याही दिवशी भरली असली तरी पुरते. महत्त्व आहे ते प्रत्यक्ष कामावर असलेल्या माणसांना. मालकाने रजिस्टरमध्ये सातच नावे लिहिली म्हणून माणसे सात होत नाहीत. फक्त उरलेली माणसे दाखवून देण्याचे काम आपल्यावर येते.

नगावर काम असणे ही अडचण नाही. मजुरी दिवसावर आहे की नगावर, यावर स्त्रीचा हक्क अवलंबून नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे की, हा लाभ केवळ कायम नोकरीतील स्त्रियांसाठी राखून ठेवलेला नाही. रकमेचा हिशेब गैरहजेरीपूर्वीच्या तीन महिन्यांत तिने ज्या दिवशी काम केले त्या दिवसांच्या सरासरी मजुरीवर होतो, आणि ती सरासरी किमान वेतनाहून कमी धरता येत नाही. आठवड्याला २,१०० म्हणजे दिवसाला ३५० रुपये धरले, तरी २६ आठवड्यांचे १८२ दिवस होतात आणि रक्कम ६३,७०० रुपये होते. रविवार वगळायचा नाही. लाभ मोजताना आठवडा सात दिवसांचा धरायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय आहे. प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावी लागते.

गरोदरपणात कामावरून काढले म्हणून हा लाभ बुडत नाही, हे तर नीट लक्षात ठेवावे. ती कामावर असती तर ज्याला पात्र ठरली असती, ते काढल्यानंतरही तिला मिळायला हवे. म्हणून तिने स्वतःहून घरी बसू नये. कामावर जात राहावे आणि त्याच वेळी एक साधा अर्ज द्यावा : मी गरोदर आहे, प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे, मी अमुक दिवसापासून रजेवर जाईन, माझी रक्कम माझ्या अमुक खात्यावर जमा करावी. सोबत माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत जोडावी. हातात घेतला नाही, तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. दाद लागली नाही, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि त्यासाठी कसबा बावड्यातील न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरणांचा देशभरचा मदत क्रमांक १५१०० आहे.

उचल लपवू नका, ती लेखी मान्य करा. पण उचलीच्या बदल्यात प्रसूतीचा हक्क सोडल्याचे कोणी लिहून घेतले, तरी असा करार कायद्यापुढे टिकत नाही.

एक चौकशी मात्र आजच करा. आपल्या दिरांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते का? मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ठेकेदाराकडील कामगारही त्यात येतो आणि कामगाराच्या वाट्याला ०.७५ टक्के कपात येते. ती होत असेल, तर पत्नीच्या बाळंतपणाचे उपचार त्या विम्यातून होऊ शकतात. रोख प्रसूती लाभ मात्र स्त्री स्वतः विमाधारक असेल तरच मिळतो.

प्रतिसाद २

मी करवीर तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. कायद्याचे मला फारसे कळत नाही, पण योजनेचे सांगते.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी पहिल्या सहा महिन्यांत झाली की ३,००० रुपयांचा पहिला हप्ता, आणि बाळाच्या जन्माची नोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतचे लसीकरण पूर्ण झाले की २,००० रुपयांचा दुसरा. तुमच्या जावेचा पाचवा महिना आहे, म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिका, ई-श्रम कार्ड, किंवा ८ लाखांच्या आतील कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एक कागद चालतो. ई-श्रम कार्ड विनामूल्य निघते. ते तिने अजून काढले नसेल तर काढून घ्यावे.

पैसे थेट तिच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात, कारण आधारवर माहेरचे नाव असते, बँकेत सासरचे, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिसरेच काहीतरी. नावे आधी एकसारखी करून घ्या. माहेरी जाताना हे माता-बाल कार्ड तिच्या पिशवीत हवेच, कारण तिथल्या तपासण्या आणि बाळाच्या लसी त्याच कार्डावर चढवून घ्याव्या लागतात. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण केले, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त आणि रुग्णालयातील जेवण हे सगळे मोफत असते. घरून नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडीही मोफत मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य होते. काही गुंतागुंत निघाली तर सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातले मोठे सरकारी रुग्णालय, जवळ आहेच. अंगणवाडीत नाव घातले की गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने पोषण आहार मिळतो. पाय सुजतात का, हे विचारायचे राहिले. दहा तास मशीनवर बसणाऱ्या बायकांनी रक्तदाब वेळोवेळी मोजून घ्यावा.

प्रतिसाद ३

आधीच्या दोन्ही प्रतिसादांत एक धागा जुळवायचा राहिला आहे. ज्या स्त्रीला कायद्याने तशाच स्वरूपाचा लाभ मिळतो, ती मातृवंदना योजनेतून वगळली जाते. त्यामुळे मालकाकडून २६ आठवड्यांची रक्कम मिळाली, तर हे ५,००० तिचे नव्हेत. आज मात्र तिच्या हातात काहीच नाही, म्हणून नोंदणी थांबवू नये; रक्कम मिळाल्यास ते प्रामाणिकपणे कळवावे.

पुराव्याबद्दल अनुभवाने सांगते. मी इचलकरंजीत चार वर्षे अशाच कामावर होते. आम्हाला सर्वांत उपयोगी पडले ते मोबाइलवर आलेले शनिवारचे पैसे. बँकेतून खातेउतारा काढून आणा. सुपरवायझरच्या नावाने दर शनिवारी आलेली रक्कम त्यात दिसते. 'उद्या लवकर या, माल जायचा आहे' असे गटावर आलेले निरोप पुसू नका. गटात किती बायका आहेत, हेही त्याच पडद्यावर दिसते.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवसांत बरेच काही उलगडले.

जाऊ रोज शिवलेल्या नगांचे आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहीत असे, हे मला माहीतच नव्हते. आम्ही दोघींनी बसून मोजले, तेव्हा गेल्या आठ महिन्यांतलेच १८६ दिवस भरले. दसऱ्यापासूनची मजुरी मोबाइलवर आली आहे, तिचा उतारा बँकेतून आणला. दिरांच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते, पण कार्ड ठेकेदाराने कधी दिलेच नव्हते. ते त्यांनी आता मागितले आहे. आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे मातृवंदनेचा अर्ज भरला. आधारवरचे नाव बदलायला मात्र दोन फेऱ्या झाल्या. रक्तदाब तपासला, तो थोडा वाढलेला आहे, म्हणून डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावले आहे.

अर्ज काल तिनेच दिला. सुपरवायझरने तो वाचून परत दिला, त्यामुळे आज तो पोस्टाने पाठवला आहे. आठ दिवस वाट पाहून आम्ही दोघी कामगार कार्यालयात जाणार आहोत. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे.

आता एकच प्रश्न उरला आहे. चौदा बायका रोज येतात हे सांगायला तिच्या दोन मैत्रिणी तयार आहेत, पण नाव उघड झाले तर त्यांचेही काम जाईल ही त्यांची भीती खोटी नाही. त्यांना पुढे न करता, कामावर दहाहून अधिक माणसे आहेत हे तक्रारीत कसे मांडावे, आणि अधिकाऱ्यांना कामाच्या वेळेत अचानक येऊन मोजणी करण्याची विनंती करता येते का, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया लिहावे.