पीपीएसएसपीपीमध्ये पडद्यावरील बटणांची मांडणी खेळानुसार वेगळी कशी ठेवावी?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. मी खानापूरहून बेळगावला कॉलेजसाठी रेल्वेने ये-जा करतो आणि त्या वेळात मोबाइलवर पीपीएसएसपीपीमध्ये (पीएसपी या हातातल्या गेमिंग यंत्राचे खेळ मोबाइलवर चालवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) खेळतो. गर्दीच्या डब्यात वेगळा कंट्रोलर सांभाळणे अवघड असल्याने सगळी भिस्त पडद्यावरील बटणांवरच आहे. शर्यतीच्या खेळात क्रॉस (फुलीचे बटण) दाबून वेग धरलेला असताना वळणावर आर (उजवीकडचे वरचे बटण) दाबायचे झाले, की उजवा अंगठा क्रॉसवरून उचलावाच लागतो. शिवाय डाव्या कडेजवळची दिशा-बटणे दाबताना बोट जरा सरकले, तर मोबाइल ती 'मागे' जाण्याची खूण समजतो आणि ऐन रंगात खेळ थांबून मेनू उघडतो. शर्यतीसाठी मांडणी बदलली, तर लढाईच्या खेळाची बिघडते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणी मोबाइल दुरुस्ती:
बटणे हलवण्याआधी आपला अंगठा मुळात कुठे टेकतो ते पाहून घ्यावे, असे मी दुकानात येणाऱ्या मुलांना आवर्जून सांगतो. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केल्यावर डेव्हलपर पर्याय खुले होतात. त्यांतील 'पॉइंटर लोकेशन' चालू केले, की बोट जिथे टेकेल तिथे रेषा उमटतात आणि वरच्या पट्टीत एका वेळी किती बोटे ओळखली गेली तो आकडा दिसतो. डब्यात मोबाइल जसा धरता तसाच धरून, पडद्याकडे न पाहता दोन्ही अंगठे टेकवावेत. रेषा जिथे दाट होतील तिथे सर्वांत जास्त लागणारे बटण यावे. तीन बोटे टेकवूनही आकडा दोनच्या वर जात नसेल, तर दोष मांडणीचा नाही; तो पडद्याच्या क्षमतेचा किंवा वर चिकटवलेल्या काचेचा असू शकतो. पावसाळ्यात अंगठा आणि काच दोन्ही कोरडी करूनच ही तपासणी करावी.

शहापूर, बेळगाव:
खेळागणिक वेगळ्या मांडणीची सोय पीपीएसएसपीपीमध्येच आहे. यादीतील खेळाच्या चित्रावर बोट दाबून धरल्यास त्या खेळाचे पान उघडते. तिथे त्या खेळापुरती स्वतंत्र सेटिंग तयार केली, की नंतर केलेले बटणांचे बदल त्याच खेळापुरते राहतात. मांडणी बदलण्याच्या पडद्यावर आकार बदलण्याचा पर्याय निवडून बटण वर ओढल्यास मोठे होते, आणि चार चिन्हांच्या (क्रॉस, वर्तुळ, चौकोन, त्रिकोण) बटणांचा गट आडवा ओढल्यास त्यांच्यातील अंतर कमी-जास्त होते.

आपल्या मुख्य अडचणीवर मात्र बटणे हलवून पूर्ण उपाय होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी कस्टम बटण घ्यावे, त्याला क्रॉस आणि आर ही दोन्ही बटणे एकत्र नेमावीत आणि ते क्रॉसच्या शेजारीच ठेवावे, म्हणजे अंगठा न उचलता नुसता सरकवून वळण घेता येते. कस्टम बटणाला 'टॉगल'ही करता येते, म्हणजे एकदा दाबल्यावर पुन्हा दाबेपर्यंत ते दाबलेलेच राहते. परंतु वळणावर वेग सोडावा लागत असल्याने शर्यतीत मी तो पर्याय सुचवणार नाही.

चिक्कोडी:
अँड्रॉइड 10 पासून आलेल्या जेश्चर नेव्हिगेशनमध्ये कडेवरून आत बोट सरकवणे म्हणजेच मागे जाणे, त्यामुळे दिशा-बटणे कडेपासून थोडी आत घ्यावीत, किंवा खेळापुरते तीन बटणांच्या नेव्हिगेशनवर यावे. दुसरा उपाय अधिक खात्रीचा आहे. बटणांची अपारदर्शकता मात्र एकदम फार कमी करू नये. आधी ठळक ठेवून जागा अंगवळणी पडू द्याव्यात आणि मग हळूहळू फिकट करावे.

पुढे रेट्रोआर्क (अनेक जुन्या गेमिंग यंत्रांचे खेळ चालवणारे अ‍ॅप) वापरणार असाल, तर तिथे मांडणी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये असते. प्रत्येक बटणाच्या ओळीत मध्यबिंदूचे आडवे-उभे स्थान सामान्यतः 0 ते 1 या मापात लिहिलेले असते, त्यापुढे स्पर्शक्षेत्र गोल की चौकोनी आणि त्याचा विस्तार. 'रेंज मॉड' हा आकडा 1 पेक्षा मोठा ठेवला, तर दाबलेल्या बटणाचे क्षेत्र तेवढ्यापुरते वाढते आणि रेल्वेच्या हिसक्याने अंगठा जरा घसरला तरी बटण सुटत नाही.

खानापूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. क्रॉस आणि आर यांचे एकत्र बटण ठेवून पाहिले. उजव्या अंगठ्याचा प्रश्न सुटला आहे. तीन बटणांचे नेव्हिगेशनही चालू केले आहे. आता एकच शंका उरते: लढाईच्या खेळासाठी आधी केलेली मांडणी तशीच राहील का?

शहापूर, बेळगाव:
शर्यतीच्या खेळाची स्वतंत्र सेटिंग आधी तयार करून मग बदल केले असतील, तर लढाईच्या खेळाची मांडणी तशीच राहील. तरीही लढाईच्या खेळाचीही स्वतंत्र सेटिंग करून ठेवावी, म्हणजे पुढे सर्वसाधारण सेटिंग बदलली तरी तिला धक्का लागणार नाही.