नववीला सगळ्या विषयांना एकच सर चालतील का? (ऐरोली)

ऐरोलीची_आई:
नमस्कार, मुलगा नववीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. आठवीपर्यंत घराजवळच्या क्लासला जायचा, एका बॅचला ३५-४० पोरं, हा मागे बसून फळ्यावरचं उतरवून आणायचा आणि घरी वही बघितली की सगळं नीटनेटकं, त्यामुळे आम्हाला काही कळलंच नाही. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ६, विज्ञानात ७. क्लास बंद केला. आता एक सर घरी येऊन शिकवायला तयार आहेत, आठवड्यातून ४ दिवस, दीड तास, गणित विज्ञान इंग्रजी इतिहास भूगोल सगळं तेच घेणार म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं की सगळे विषय एकाच माणसाला कसे जमणार, गणिताला गणिताचेच सर हवेत. पुढच्या वर्षी दहावी, झोप लागत नाही मला. कोणाचा अनुभव आहे का?

कोपरखैरणे_सेक्टर१९:
आम्ही मुलीला गणित आणि विज्ञानाला वेगवेगळे लावले होते. दोघंही चांगले होते पण दोघांचा होमवर्क एकाच दिवशी यायचा आणि एकाला दुसऱ्याने काय घेतलं ते माहीत नसायचं. ३ महिन्यांनी एक बंद केलं. पोरीला खेळायला संध्याकाळच उरत नव्हती.

नौपाड्याची_ताई:
मी ठाण्यात १५ वर्षं घरी जाऊन शिकवते, नौपाडा, पाचपाखाडी, कळवा. ताई, मिस्टरांचं म्हणणं दहावीसाठी बरोबर आहे पण नववीत आणि तेही पाया कच्चा असताना मी एकच माणूस म्हणेन, का ते सांगते.

मागच्या वर्षी एक मुलगा होता, तुमच्या मुलासारखाच, सेमीचा. गतीचे नियम हा धडा चालू होता. उदाहरण असं की कार स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट आणि ५ सेकंदात वेग ताशी ३६ किमी होतो, तर त्वरण काढा. त्याने सरळ ३६ भागिले ५ केलं, ७.२. मी ओरडले नाही, म्हटलं वाचून दाखव आणि मराठीत सांग. तर म्हणाला, टीचर, गाडी आराम करून निघाली. रेस्ट म्हणजे विराम अवस्था, सुरुवातीचा वेग शून्य, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, शून्य धरला गेला तो नशिबाने. मग विचारलं ताशी किमीचं मीटर प्रति सेकंद कसं करायचं, तर ५/१८ ने गुणायचं हे पाठ होतं पण ३६ ला ५/१८ ने गुणताना पेन थांबलं. अपूर्णांकाचा गुणाकार येत नव्हता! १० मीटर प्रति सेकंद आले असते, भागिले ५, उत्तर २, संपला विषय.

म्हणजे बघा, उदाहरण विज्ञानाचं, अडलं इंग्रजीत आणि पाचवी-सहावीच्या गणितात. विज्ञानाचे वेगळे सर असते तर सूत्र परत समजावून गेले असते. मी पुढचे १५ दिवस विज्ञान जवळजवळ बंद ठेवलं, रोज अर्धा तास अपूर्णांक आणि अर्धा तास पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचून मराठीत सांगायचं. जुन्या इयत्तांची पुस्तकं बालभारतीच्या साईटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, विकत घ्यायची गरज नाही.

फक्त डेमो नीट घ्या. सर तयारी करून आलेला धडा शिकवून जातात त्यावरून काही ठरवू नका, तुम्ही ऐनवेळी भूमितीची एक सिद्धता द्या, तिथे भलेभले अडतात. आणि दीड तासात सर जास्त बोलतायत की मुलगा, एवढं बघा. इतिहास भूगोलाला त्यांचा वेळ घालवू नका, तो धडा मुलाने रात्री तुम्हाला सांगायचा. दहावीत गणिताचे ४०-४० चे २ पेपर, विज्ञानाचेही तसेच, तेव्हा लागलंच तर गणिताला वेगळे सर बघता येतील.

घणसोलीकर:
ताईंशी सहमत. मी इंजिनिअरिंग करताना २ मुलांना शिकवायचो, दोघांनाही अपूर्णांकच नडत होते. अजून एक, शिकवणी हॉलमध्येच ठेवा, कुणीतरी घरात असताना, बेडरूममध्ये दार लावून नको.

ऐरोलीची_आई:
ताई, काल रात्री त्याला तेच वाक्य वाचायला दिलं. रेस्टला अडला. मग ३/४ गुणिले २/५ दिलं तर छेद सारखे करत बसला, पाच मिनिटं मी गप्प बसून बघत होते आणि पोटात तुटत होतं, चार वर्षं हा पोरगा असाच पुढे ढकलला गेला आणि आम्ही वह्या बघून खुश. मिस्टरही शेजारीच होते, आता काही बोलले नाहीत, सहावीचं गणिताचं पुस्तक डाउनलोड करून दिलंय त्यांनीच. सोमवारी सर डेमोला येतायत, भूमितीचा प्रश्न शोधून ठेवलाय.

नौपाड्याची_ताई:
छान. सर आले की ३/४ गुणिले २/५ चा तो कागद त्यांना आधी दाखवा, चाचणीचे मार्क नंतर.