पाळीच्या दिवसांत शरीरसंबंध आल्यास बाईच्या प्रकृतीला अपाय होतो का?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
लग्नाला वर्ष झाले. आमच्या घरी पाळीत देवघरात न जाण्याची रीत अजून पाळतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या दिवसांत पतीशी जवळीक झाली तर गर्भाशय कायमचे बिघडते, असे थोरल्या जाऊबाईंनी मला बजावले आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्हां दोघांनाही इच्छा होते. यात धोका खरोखर किती आहे, आणि तेव्हा दिवस राहत नाहीत हे खरे आहे का?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, इंदूर):
दोघांची इच्छा असेल आणि कोणालाही संसर्ग नसेल, तर गर्भाशयाला इजा होत नाही. उलट काहींच्या ओटीपोटातल्या कळा तेवढ्यापुरत्या कमी होतात. दिवस राहत नाहीत, या समजुतीवर मात्र कृपया विसंबू नका. शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात आणि ज्यांची पाळी २१ दिवसांनी येते त्यांच्यात स्त्रीबीज सातव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडू शकते, म्हणजे चौथ्या दिवशीच्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी रक्तावाटेही पसरतात, तेव्हा निरोध वापरावा. पाळीच्या स्रावासाठी योनीत ठेवलेला टॅम्पॉन किंवा कप आधी काढावा. नंतर बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे, योनीच्या आत साबण लावू नये.

उत्तर (लोकमान्य नगर, इंदूर):
वरच्या उत्तराला माझी एक पुस्ती. मला संबंधांच्या वेळी खोलवर दुखायचे, पाळीत तर ओट्याशी उभे राहवत नसे, आणि बाळंतपणानंतर थांबेल असे सगळ्यांनी सांगितल्यामुळे ते दुखणे अंगावर काढावे लागले. पुढे एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे, निदान झाले. दुखत असेल तर सोसू नका. आणि मन नसेल त्या दिवशी नकार द्यायला पाळीचे कारण सांगण्याचीही गरज पडू नये.

प्रश्नकर्ती:
माझी पाळी २४ दिवसांनी येते, म्हणून निरोधाचे पतीशी आजच बोलते. पाळी नसताना संबंधांनंतर रक्त दिसले तर?

स्त्रीरोगतज्ज्ञ:
मग ते पाळीचेच समजून सोडून देऊ नये, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. पाळीतही तासाभरात पॅड भिजत असेल किंवा स्राव ७ दिवसांहून अधिक चालत असेल, तर हिमोग्लोबिनही तपासावे.