चिठ्ठीत रॅटॅटा निघाला, आता याचं करू काय?

पारोळेकर_०७
मंडळी, धुळ्याला होस्टेलवर असतो. आम्ही आठ जण दर रविवारी शोडाउनवर (पोकेमॉनच्या लढती ऑनलाइन खेळायची साइट) पोकेमॉन खेळतो. गेमच्या सहाव्या पिढीचे नियम, सिंगल्स, सहाला सहा, लेव्हल ज्याची त्यानं ठरवायची. या वेळी एका शहाण्यानं चिठ्ठ्यांची टूम काढली. आठ भुक्कड पोकेमॉन, ज्याच्या हाती जो येईल तो त्यानं टीममध्ये घ्यायचाच. वर अट अशी की त्यानं निदान एक विकेट काढली पाहिजे, नाहीतर जिंकलेली मॅचही हरल्यात जमा. हरेल त्यानं सगळ्यांना शेवभाजी खाऊ घालायची.

मला निघाला रॅटॅटा. सगळ्या स्टॅट्सची बेरीज २५३. समोरच्याकडे गारचॉम्प आहे, त्याची ६००. लेव्हल १०० चा रॅटॅटा करून तीन प्रॅक्टिस मॅच खेळलो. फटका वाढवणाऱ्या वस्तू म्हणून लाइफ ऑर्ब लावला, चॉइस बँड लावला, तिन्ही वेळा पहिल्याच फटक्यात आडवा. काही उपाय आहे का, की आतापासून पैसे बाजूला काढू?

भुसावळ_लोको
भो, तू मुळात उलट्या टोकानं धरलंय. लेव्हल १०० करून रॅटॅटाचा गारचॉम्प होत नसतो. लेव्हल १ कर.

हसू नको. स्टेशनजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी बारा ते चार भुसावळात कुत्रंही रस्त्यावर येत नाही. त्या चार तासांत मी हा उंदीर शंभरेक वेळा तरी मरताना पाहिलाय, तेव्हा कुठे कळलं.

लेव्हल १ च्या रॅटॅटाला एचपी, म्हणजे जीव, असतो ११. हातात फोकस सॅश ही वस्तू द्यायची. एचपी पूर्ण असेल तर एका फटक्यात मरायच्या ऐवजी तो १ वर टिकतो, सॅश तिथंच संपतो. चाली दोनच लागतात, एन्डेव्हर आणि क्विक अटॅक. पहिल्या टर्नला समोरचा आधी मारणार, कारण आपला स्पीड नावालाच आहे. मारू दे. आपण १ वर आलो की एन्डेव्हर. ही चाल समोरच्याचा एचपी आपल्याइतका खाली ओढते. साध्या गारचॉम्पला ३५७ असतो, तो थेट १ वर येतो. दुसऱ्या टर्नला क्विक अटॅक, ती स्पीड न बघता आधी लागते. खेळ खलास. म्हणजे आपण जितके मरतुकडे, तितकी एन्डेव्हर जोरात. तू लेव्हल वाढवून नेमकं तेच घालवत होतास.

आता हे वाचून लगेच मैदानात उतरू नको, मीही तसाच उतरलो होतो. पहिल्याच मॅचला समोर स्वॅम्पर्ट, एन्डेव्हर बसली, स्वॅम्पर्ट १ वर. मी दुकानात एकटाच ओरडलो. टर्न संपता संपता खाली ओळ आली, त्याच्या हातातल्या लेफ्टओव्हर्स नावाच्या वस्तूनं त्याला थोडा एचपी परत दिला. थोडा म्हणजे सोळावा हिस्सा, वीस-बावीस. आणि लेव्हल १ च्या क्विक अटॅकनं जातात जेमतेम दोन-तीन. पुढं काय झालं ते सांगत नाही, समोर गिऱ्हाईक उभं होतं.

म्हणून आधी लेफ्टओव्हर्स कोणाकडे आहे ते बघून ठेव (टर्नच्या शेवटी गेम स्वतःच सांगतो), आणि दुसऱ्या गड्याकडून नॉक ऑफ ही चाल मारून ते पाडून घे. बिशार्प घेतलास तर नॉक ऑफही होईल आणि सकर पंचनं भुतंही निघतील. भुतांचं, म्हणजे घोस्ट टाइपवाल्यांचं, लक्षात ठेव. एन्डेव्हर आणि क्विक अटॅक दोन्ही नॉर्मल टाइपच्या, गेंगारसारख्या भुताला त्या लागतच नाहीत. स्नॉरलॅक्स १ वर आणलास आणि त्यानं चटकन गेंगार आत घेतला तर उंदीर गेला. गेंगार बाद झाल्याशिवाय रॅटॅटाला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, रॅटॅटाला कधीही चालू टर्नमध्ये बदलून आणू नको. येता येताच फटका बसतो, सॅश तिथंच जातो, आणि पुढच्या टर्नला समोरचा आधी मारून मोकळा. आपला एक गडी मेला की मगच त्याच्या जागी आण, तेव्हा तो फुकटात येतो. म्हणजे एक गडी बळी द्यायची तयारी पाहिजे. माझा एक मित्र इथंच अडतो, त्याला सहाच्या सहा शेवटपर्यंत जिवंत पाहिजे असतात, आणि बहुतेक वेळा सहाच्या सहा एकदमच जातात.

जमिनीवर स्टेल्थ रॉक किंवा स्पाइक्स, म्हणजे आत येणाऱ्याला टोचणारे दगड-काटे, पडलेले असतील तर ११ चे १० होतात आणि सॅशचा उपयोग संपतो. टायरानिटार किंवा हिप्पोडॉन वाळूचं वादळ घेऊन आले तरी तेच. क्लॉयस्टरची आयसिकल स्पिअर पाच वेळा लागते, पहिल्या वारात सॅश, दुसऱ्यात रॅटॅटा. आणि तुझ्या त्या गारचॉम्पची ॲबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, रफ स्किन असेल तर एन्डेव्हर मारताना अंगाला अंग लागतं, आपला उरलेला १ एचपी त्या खरबडीत कातडीवरच जातो. गारचॉम्प १ वर येतो खरा, पण विकेट दुसऱ्याच्या नावावर. तुझ्या अटीत ते बसत नाही, तेव्हा गारचॉम्पच्या नादी लागू नको. संथ, जाडजूड, एका ठिकाणी ठाण मांडणारा गडी शोध.

साक्रीना_पोऱ्या
जिभाऊ, तुन्हं बठ्ठं बराबर शे, पण रॅटॅटापेक्षा लेव्हल १ चा एरॉन केव्हाही भारी. त्याची स्टर्डी ॲबिलिटी पाचव्या पिढीपासून सॅशचंच काम करते, म्हणजे हात मोकळा. हातात शेल बेल दिली की एन्डेव्हरनं जेवढं नुकसान होतं त्याचा आठवा हिस्सा परत मिळतो. एरॉनला एचपीच १२, त्यामुळे तो पुन्हा फुल्ल आणि स्टर्डी पुन्हा चालू. वर वाळूचं वादळ लावून ठेवायचं. एरॉन रॉक आणि स्टील, त्याला वाळूचं काही वाटत नाही, आणि १ वर आलेला समोरचा वाळूनंच मरतो. लेफ्टओव्हर्सचीही भानगड नाही, वाळू आधी लागते, लेफ्टओव्हर्स नंतर.

भुसावळ_लोको
ते सगळं खरं, पण त्याच्या चिठ्ठीत रॅटॅटा आहे. वरात दुसऱ्याची असताना आपला नवरदेव कुठं घुसवतोस? आणि एरॉनवर स्टेल्थ रॉकचा एक खडा पडला तरी स्टर्डी गेली, एक्सकॅड्रिलची मोल्ड ब्रेकर तर तिला विचारतच नाही. भुतं आहेतच.

तापीकाठ
मी लेव्हल १ वाली नाही, मला तो प्रकार पाकीटमारीसारखा वाटतो. दुबळा गडी बरोबरीच्या लेव्हलला खेळवण्यात मजा आहे. २०१४ ची जागतिक स्पर्धा वॉशिंग्टन डी.सी. ला झाली, ती दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कनं जिंकली, टीममध्ये पचिरिसू घेऊन. बेरीज ४०५, खारीएवढं ध्यान. तो डबल्सचा खेळ होता. पचिरिसू फॉलो मी करून समोरच्यांचे फटके स्वतःवर ओढून घ्यायची. ग्यारॅडॉसला विजेची भयंकर भीती, आणि पचिरिसूची व्होल्ट ॲब्झॉर्ब अशी की वीज पडली तर तिचा एचपी उलट वाढतो. त्यामुळे शेजारी ग्यारॅडॉस बिनधास्त. शिवाय सुपर फँगनं समोरच्याचा अर्धा एचपी जातो, मग आपला अटॅक कितीही फालतू असो. मी जळगावला भावासोबत हीच जोडी खेळते. तो प्रत्येक वेळी आधी खारीलाच मारत बसतो, तोवर माझा ग्यारॅडॉस त्याचे दोन गडी काढतो.

पारोळेकर, तुमचं सिंगल्स आहे, तेव्हा तुम्हाला हे कामाचं नाही. तुम्ही लोकोंचं ऐका.

पारोळेकर_०७
ताई, जिभाऊ, झाली मॅच. सांगतो.

समोर माझा रूममेटच आला. त्याच्याकडे गेंगार, गारचॉम्प, स्नॉरलॅक्स, टॅलनफ्लेम, रोटॉम आणि चिठ्ठीतला डेलिबर्ड. मॅचआधी दोन्ही टीम दिसतात त्या प्रिव्ह्यूत रॅटॅटा बघून खोलीत हशा. गेंगार लवकरच आला, बिशार्पनं सकर पंचनं काढला. मग स्नॉरलॅक्स. बिशार्पनं नॉक ऑफ मारून लेफ्टओव्हर्स पाडलं, स्नॉरलॅक्सनं अर्थक्वेकनं बिशार्पला पाडलं. मी रॅटॅटा आणला.

त्याला वाटलं मी कंटाळून पाठवला. ‘भो, हार मान, भूक लागली’ म्हणत त्यानं पुन्हा अर्थक्वेक दाबलं. रॅटॅटा १ वर. एन्डेव्हर. स्नॉरलॅक्सचा ५२४ चा हिरवा पट्टा सरकत सरकत लाल रेघ होईपर्यंत खोलीत कोणी काही बोललं नाही. टर्न संपला, लेफ्टओव्हर्सची ओळ आली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मोबाईलकडे. क्विक अटॅक. शेजारच्या खोलीतली पोरं पळत आली, त्यांना वाटलं मॅचमध्ये सिक्सर पडला.

भुसावळ_लोको
शाब्बास! मग शेवभाजी कोणी दिली?

पारोळेकर_०७
मीच. नंतर टॅलनफ्लेम आला, गेल विंग्स या ॲबिलिटीमुळे त्याच्या ब्रेव्ह बर्ड चालीला प्रायॉरिटी, म्हणजे तीही आधी लागते. आधी रॅटॅटा गेला, मग माझे बाकीचे एकेक करून. विकेटची अट पाळली, मॅच हरलो.

भुसावळ_लोको
टॅलनफ्लेम प्रिव्ह्यूत दिसत होता ना? मग त्याच्यासाठी टीममध्ये एकही दगड का ठेवला नाही? स्टेल्थ रॉकवर पाय पडला असता तर येतानाच त्याचा निम्मा एचपी गेला असता.

पारोळेकर_०७
जिभाऊ, तुम्हीच म्हणाला होतात, स्टेल्थ रॉक वाईट असतो.

भुसावळ_लोको
अरे लेकाच्या, आपल्या बाजूला पडलेला!