डीसीजवळ राहायला कुठली काउंटी? लाउडन की माँटगोमेरी? अर्जंट

घरशोध्या:
मंडळी मदत हवी आहे. जर्सी सिटीहून वॉशिंग्टन डीसीकडे शिफ्ट होतोय, इथला लीज जुलैअखेर संपतोय त्यामुळे वेळ अजिबात नाहीये. मला व्हर्जिनियातली लाउडन काउंटी (म्हणजे आपला जिल्हा) जाम आवडलीये, तिथे ॲशबर्नला मित्राकडे वीकेंडला गेलो होतो, काय मस्त आहे राव, रुंद रस्ते, कम्युनिटीचा स्विमिंग पूल, घरामागे सायकलचा ट्रेल, संध्याकाळी सगळी पोरं बाहेर, इंडियन ग्रोसरी हाकेच्या अंतरावर आणि आता तर मेट्रोपण आलीये. बायको म्हणते मेरीलँडमधली माँटगोमेरी बघ. लाइफस्टाइल कुठली भारी? "ज्याची त्याची आवड" असलं उत्तर प्लीज नको.

ओवी_रॉकव्हिल:
ऑफिस कुठे आहे? भाड्याने की विकत? मुलं केवढी? बजेट? यातलं काहीच न सांगता कोण काय सांगणार?

ॲशबर्नच्या_वैनी:
डोळे झाकून ॲशबर्न घ्या. तुम्ही पाहिलात तो डब्ल्यू अँड ओडी ट्रेल, जुन्या रेल्वेमार्गावर केलाय, पर्सेलव्हिलपासून पार आर्लिंग्टनपर्यंत 45 मैल. आमचे हे रविवारी पहाटे निघतात ते पोह्यांच्या वेळेला परत. लीसबर्गचं जुनं गाव फिरायला छान, त्याच्या पुढे सगळ्या वाइनरीज, आईबाबा आले होते तर बाबांना ते डोंगर बघून वाईची आठवण झाली. देवळाला शँटिलीत राजधानी मंदिर आहे. अजून काय पाहिजे?

टवाळ_पोटोमॅक:
वैनी, डेटा सेंटर्स सांगायची राहिली की. ॲशबर्नमध्ये इंटरनेटचे सर्व्हर ठेवलेल्या बिनखिडक्यांच्या त्या डब्यांशिवाय दिसतं काय? काही ठिकाणी रात्री घरघर पण ऐकू येते म्हणे.

ॲशबर्नच्या_वैनी:
त्याच डब्यांच्या टॅक्सवर काउंटी चालते, म्हणून आमचा प्रॉपर्टी टॅक्सचा दर शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीपेक्षा कमी आहे. आणि तुमच्या मेरीलँडात स्टेटच्या वर काउंटीचा वेगळा इन्कम टॅक्स, माँटगोमेरीत 3.2 टक्के. आमच्याकडे ती भानगडच नाही.

टवाळ_पोटोमॅक:
हो पण व्हर्जिनियात उभ्या गाडीवर दरवर्षी काउंटीला टॅक्स भरता तो कोण सांगणार? आणि लीसबर्गकडून डीसीच्या दिशेने येणाऱ्या ग्रीनवे रस्त्याचा टोल? एका बाजूचे 5 डॉलरच्या वर. एवढ्याशा रस्त्याला!

निवांत_वाघोली:
एवढा टोल, टॅक्स भरून शहराबाहेरच राहायचं तर पुण्यात या की परत. आमच्या सोसायटीत पूल, जिम, क्लबहाउस सगळं आहे.

टवाळ_पोटोमॅक:
आणि टँकर.

घरशोध्या:
अहो विषय काय चाललाय?? ऑफिसचा प्रश्नच नाही, मी घरूनच काम करतो. बायकोचं बेथेस्डाला आहे, तिला आठवड्यातून चार दिवस जावं लागतं. मुलगी सप्टेंबरच्या मध्यात पाच पूर्ण होईल. आधी भाड्यानेच घेऊ.

ओवी_रॉकव्हिल:
बेथेस्डा!! अहो हे पहिल्या ओळीत नको का? ॲशबर्न पोटोमॅक नदीच्या पलीकडे व्हर्जिनियात, बेथेस्डा अलीकडे आमच्या माँटगोमेरीत. गाडीने सकाळी बेल्टवेवरचा, म्हणजे डीसीभोवतीच्या रिंगरोडवरचा, अमेरिकन लीजन ब्रिज ओलांडायचा, तो दोन्हीकडून तुंबलेला. मेट्रोने जायचं तर सिल्व्हर लाइनने आधी थेट डीसीत मेट्रो सेंटरला जा, तिथे रेड लाइन पकडून उलट बाहेर या. दीड तास धरून चाला, एका बाजूचा. ट्रेलवर सायकल तुम्ही चालवणार आणि पुलावर बायको अडकणार. ती माँटगोमेरी का म्हणतेय ते विचारलंत का?

ॲशबर्नच्या_वैनी:
बेथेस्डा असेल तर मग कठीण आहे खरं. पण लीसबर्गच्या वरून व्हाइट्स फेरी होती की, गाडीसकट नदी पार.

जुना_डीसीकर:
वैनी, ती डिसेंबर 2020 मध्ये जागेच्या वादात बंद पडली. काय मजा होती पण, तारेला बांधलेली बोट, पलीकडे उतरलं की माँटगोमेरीचा शेतीसाठी राखलेला पट्टा, 1980 पासून तिथे फारसं बांधूच देत नाहीत. आम्ही भोपळे आणायला जायचो. तिथून सी अँड ओ कॅनॉलचा टोपाथ (कालव्याकाठची वाट) पण जवळ, हवं तर सायकल मारत कंबरलँडपर्यंत जा, जॉर्जटाउनपासून 184 मैल. म्हणजे ट्रेल काय फक्त व्हर्जिनियातच आहे असं नाही.

शाळामास्तर:
कोणी विचारलं नाहीये पण सांगतो. किंडरगार्टनची तारीख दोन्हीकडे वेगळी. व्हर्जिनियात 30 सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण लागतात, मेरीलँडात 1 सप्टेंबरपर्यंत. म्हणजे तुमची मुलगी ॲशबर्नला यंदाच बसेल, रॉकव्हिलला पुढच्या वर्षी. लवकर प्रवेशासाठी अर्ज करता येतो पण मुलीची तपासणी होते, मिळेलच असं नाही. नाहीतर एक वर्ष डेकेअरचा खर्च धरा, इथे तो भाड्याच्या बरोबरीनेच जातो.

टवाळ_पोटोमॅक:
घ्या, म्हणजे बायको पुलावर नाहीतर पैसे डेकेअरमध्ये. टायसन्स किंवा मॅक्लीन बघा मधलं, फेअरफॅक्समध्ये आहे, पूल तरी जवळ.

ओवी_रॉकव्हिल:
पूल जवळ आला म्हणून रिकामा होतो का? उगाच काहीतरी. रॉकव्हिल नाहीतर गेथर्सबर्ग, शेडी ग्रोव्ह स्टेशनपासून रेड लाइनने थेट बेथेस्डा, मध्ये बदलायची कटकट नाही.

घरशोध्या:
बायकोला धागा दाखवला. तिने वरून खालपर्यंत वाचला आणि ओवीताईंचा प्रतिसाद परत मलाच मोठ्याने वाचायला लावला. शनिवारी रॉकव्हिलला दोन-तीन अपार्टमेंट बघतोय. मास्तर, तो लवकर प्रवेशाचा अर्ज काउंटीकडे करायचा की शाळेत?

शाळामास्तर:
काउंटीच्या शिक्षण खात्याच्या साइटवर माहिती असते. मुदत आताच बघा, शाळा सुरू व्हायच्या बरीच आधी संपते. पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणजे लीज आधी.

ओवी_रॉकव्हिल:
बजेट अजून सांगितलं नाहीत.